कपाटात आजोबांची वेब्ली सापडली? आधी तो ब्रासो बाजूला ठेवा

दादा, प्रश्न दोनदा वाचला. वडील गेल्यावर साताऱ्याकडच्या घरातलं लोखंडी कपाट उघडलं, त्यात चामड्याच्या पाकिटात आजोबांची रिव्हॉल्व्हर निघाली, मधोमध वाकून उघडणारी, डाव्या अंगाला वेब्ली मार्क फोर असं लिहिलेलं, नळीवर ३८ आणि त्याच्याजवळ १४५/२०० असे आकडे, बरोबर हिरवी पडलेली बारा काडतुसं आणि वडिलांच्या नावाचं लायसन्सचं पुस्तक. घरात सांगतात की आजोबांनी ती प्रतिसरकारच्या काळात कुणा गोऱ्या अधिकाऱ्याकडून हिसकावली. आणि आता तुम्हाला गंज काढून, ब्रासोने चकचकीत करून काचेच्या शोकेसमध्ये ठेवायचीय, त्याआधी ती किती जुनी आणि किंमत काय हे कळायला हवंय.

शोकेस आणि ब्रासो दोन्ही डोक्यातून काढा, बाकीचं सगळं सांगतो. मी लायसन्सवाल्या दुकानात रिपेअरच्या बेंचवर आयुष्य काढलंय, जुन्या इंग्लिश रिव्हॉल्व्हर खूप हाताखालून गेल्या, आणि माझं मत असं झालंय की पन्नास वर्षं दुर्लक्ष होऊन जेवढं नुकसान होत नाही तेवढं वारसाच्या पहिल्या रविवारी होतं. पॉलिश पेपर, ब्रासो, ग्राइंडरची बफ, घरातला स्क्रूड्रायव्हर. हौसेने करतात सगळे, पण जे गेलं ते परत येत नाही.

सगळ्यात आधी ती भरलेली आहे का ते. 'इतकी वर्षं कपाटात पडून होती, भरलेली कशाला असेल' असं जवळजवळ प्रत्येकजण म्हणतो, अहो पण कपाटात ठेवलेली हीच भरून ठेवलेली असते, कारण ती ठेवलीच होती चोर-दरोड्याच्या भीतीने. चापाला बोट लावायचं नाही, पोरंबाळं दुसऱ्या खोलीत, नळीचं तोंड पक्क्या विटांच्या भिंतीकडे (प्लायच्या पार्टिशनकडे नाही), खाली जाड टॉवेल. डाव्या अंगाला, उजव्या अंगठ्याला लागेल असा एक खटका आहे, तो दाबून धरला की नळी खाली वाकते आणि वाकता वाकता चक्राच्या मधली चांदणी वर येऊन सहाही घरातला माल एकदम बाहेर टाकते, टॉवेल त्याच्यासाठी. मग सहा घरं बोट फिरवून मोजा, नुसतं बघू नका, काळी पडलेली काडतुसाची पुंगळी अंधारात दिसत नाही. आणि गंजून अडकली असेल, उघडतच नसेल, तर जोर लावायचा नाही, पाना नाही, हातोडी नाही, भरलेली आहे असं धरून तशीच ठेवायची आणि ठाण्यात किंवा दुकानात तसं आधीच सांगायचं. घोडा मागे चढलेल्या अवस्थेत सापडली असेल तर तिला हातच लावू नका, जाणकार माणूस घरी बोलवा.

आता कायदा. हा भाग कंटाळवाणा आहे पण तुमच्या केसमध्ये हाच सगळ्यात महत्त्वाचा, कारण या घडीला ती रिव्हॉल्व्हर तुमच्या ताब्यात आहे आणि तुमच्याकडे लायसन्स नाही. वडिलांचं लायसन्स वडिलांबरोबर संपलं. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम २१ मध्ये सरळ लिहिलंय की कुठल्याही कारणाने शस्त्र बाळगणं कायदेशीर राहिलं नाही तर विनाकारण उशीर न करता ते जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा लायसन्सवाल्या डीलरकडे जमा करायचं. लोक घाबरून गप्प बसतात, ते उलट अंगाशी येतं. आपणहून गेलेल्या वारसाला कुणी आत टाकत नाही, पण दोन-चार वर्षांनी भाऊबंदकीच्या भांडणात कुणी टीप दिली की मग विषय वेगळा होतो, २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदूक बाळगण्याला कमीत कमी दोन वर्षं आणि पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

पण म्हणून ती पिशवीत घालून एसटीने ठाण्यात घेऊन जाऊ नका! पहिल्यांदा नुसते कागद घेऊन जा, मृत्यूचा दाखला, लायसन्सचं पुस्तक, तुमचा ओळखीचा पुरावा आणि एक साधा अर्ज की वडिलांचं शस्त्र अमुक नंबरचं घरात आहे, जमा करायचंय, कसं आणू ते सांगा. अर्जाच्या कॉपीवर पोच घ्या. मग ते सांगतील तसं. जमा करताना पावतीवर मेक, बोअर (नळीच्या भोकाचं माप, ३८ म्हणजे .३८ इंच), नंबर आणि काडतुसांची संख्या लिहून घ्यायची, आणि जमा करण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवायचे. चालत असेल तर मी डीलरकडे जमा करायला सांगेन, महिन्याचं भाडं लागतं पण तिथे निदान तेलाचा हात फिरतो, मुद्देमालाच्या खोलीतून दोन पावसाळे काढून आलेली हत्यारं काय अवस्थेत येतात ते मी बघितलंय. आणि जमा केली म्हणजे निवांत झालं असंही नाही, त्याला मुदत असते, मुदतीत सोडवली नाही किंवा विकली नाही तर जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने सरकारजमा होऊ शकते, म्हणून लायसन्सचा अर्ज लगेच टाकायचा.

वारसाला लायसन्स मिळायची सोय २०१६ च्या नियमांत आहे. लायसन्सवाला गेल्यावर त्याच्या वारसाला, किंवा तो हयात असतानाही, त्याचं वय ७० झालं किंवा शस्त्र २५ वर्षं त्याच्याकडे असलं तर तो सांगेल त्या वारसाला. (ज्यांचे वडील-आजोबा अजून आहेत त्यांनी हे वाक्य परत वाचा, हयातीत केलं की निम्मी कटकट वाचते.) वारस एकापेक्षा जास्त असतील तर बाकीच्यांची ना हरकत प्रतिज्ञापत्रावर लागते, म्हणजे आई, बहीण, भाऊ सगळे आले. वय २१ च्या वर हवं, पोलीस व्हेरिफिकेशन, मेडिकल, ट्रेनिंगचं सर्टिफिकेट, घरात सुरक्षित ठेवण्याची हमी. लायसन्स आता पाच वर्षांचं असतं आणि एका माणसाकडे जास्तीत जास्त दोन शस्त्रं, पूर्वी तीन चालायची, वारशाने आलेली धरूनही दोनच.

तुमची खरी अडचण बोअरची आहे. बोलीभाषेत आम्ही पीबी आणि एनपीबी म्हणतो, म्हणजे प्रोहिबिटेड बोअर आणि नॉन-प्रोहिबिटेड. नियमांच्या परिशिष्टात स्पष्ट आहे की .३८० किंवा .४५५ ची कडवाली (बुडाला बाहेर आलेली कड असलेली) काडतुसं ज्यात बसतात आणि उडतात असं कुठलंही रिव्हॉल्व्हर वरच्या, बंधनाच्या वर्गात, म्हणजे आमच्या बोलीत पीबीत, येतं, कारण ती एकेकाळी लष्कराची काडतुसं होती. तुमची ३८ वेब्ली त्यातच. ३२ बोअरची असती तर सातारचे कलेक्टरच सही करू शकले असते, पुण्या-मुंबईसारख्या शहरात पोलीस आयुक्त. ३८ ला मात्र अर्ज जिल्ह्यातूनच जातो पण निर्णय दिल्लीत केंद्रीय गृह मंत्रालयाचा. वेळ लागतो. वडिलांचं पुस्तक नीट बघा, त्यात बोअर काय लिहिलाय, युनिक आयडेंटिफिकेशन नंबर पडलाय का, रिन्यूअल कधीपर्यंतचं आहे. हे तीन नीट असतील तर तुमची फाइल पुष्कळ हलकी आहे.

'इतकी जुनी आहे म्हणजे अँटिक, लायसन्स कशाला' हे पण लोक सांगतील. कायद्यात जुनाट किंवा पुराणवस्तू म्हणून सूट आहे, पण ती अशा हत्याराला जे दुरुस्त करूनही उडणार नाही. तुमची वेब्ली थोडं तेल घातलं तर उडेल, तिला वयाची सूट नाही. आणि कुणी म्हणालं की लेथवाल्याकडून नळीत भोक पाडून घे, घोड्याची नोक काप, मग ती खेळणं झाली, तर ते करू नका. बदल करायला आणि दुरुस्तीलाही लायसन्स लागतं, लेथवाला पण अडकेल आणि वस्तू पण जाईल.

हुश्श. आता मजेचा भाग.

वेब्ली मार्क फोर म्हटलं की लोक नेटवर बघतात आणि तिथे १८९९ वाचून खूश होतात. गंमत अशी की वेब्लीने मार्क फोर हे नाव तीन वेगवेगळ्या रिव्हॉल्व्हरना वापरलं. एक .४५५ ची दणकट लष्करी, १८९९ ची, दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धाच्या काळातली. दुसरी ३८ ची, पहिल्या महायुद्धानंतर तयार झालेली. तिसरी ३२ ची, हलकी, भारतात जी सगळ्यात जास्त लायसन्सवर दिसते ती. म्हणून नुसत्या मार्कवरून काही ठरत नाही, बोअर बघायचा. तुमचे ३८ आणि १४५/२०० हे आकडे दुसरीचे.

ते १४५/२०० म्हणजे गोळीचं वजन, ग्रेन ह्या बारीक इंग्लिश मापात. त्यामागची गोष्ट अशी की पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याकडे .४५५ ची मार्क सिक्स होती, १९१५ ला आली, सहा इंची नळी, वजनाला एक किलोच्या वर. चांगली होती पण नवख्या माणसाला तिच्यावर नेम बसवायला फार वेळ जायचा. म्हणून युद्धानंतर त्यांनी लहान ३८ चं काडतूस घ्यायचं ठरवलं, पण त्यात गोळी जड, २०० ग्रेनची, शिशाची. वेब्लीने त्यासाठी हे डिझाइन करून दाखवलं, सरकारने बघितलं, आणि मग एनफिल्डच्या सरकारी कारखान्यात जवळजवळ तसंच रिव्हॉल्व्हर स्वतःच बनवायला घेतलं! वेब्लीने २२५० पौंड मागितले, ते नाकारले, शेवटी शोधकांना बक्षीस देणाऱ्या रॉयल कमिशनने १२५० पौंड हातावर ठेवले. म्हणून एनफिल्ड नंबर टू आणि वेब्ली मार्क फोर ह्या दिसायला सख्ख्या बहिणी आहेत आणि लोक कायम गोंधळतात. एनफिल्डवर उजव्या अंगाला मुकुट आणि एनफिल्ड असं नाव असतं, आणि पुष्कळांच्या घोड्याला वरची शेपटीच नसते, ती १९३८ पासून रणगाडेवाल्यांसाठी काढली, आत कुठे अडकू नये म्हणून. पुढे युद्ध पेटल्यावर एनफिल्डला पुरवठा जमेना तेव्हा सरकार परत वेब्लीकडेच आलं.

त्या युद्धातल्या वेब्लींवर वॉर फिनिश असा शिक्का असतो, तुमच्यावर आहे का बघा. असेल तर तिचा पृष्ठभाग खरबरीत, मळकट काळा, कटरच्या खुणा दिसणारा असणार. ती तशीच कारखान्यातून बाहेर पडली, घाईत होते, पॉलिशला वेळ नव्हता. लोकांना ते खराब झालंय असं वाटतं आणि घासून गुळगुळीत करतात, म्हणजे जे तिचं जन्मखुणेसारखं होतं तेच घालवतात.

मग शिक्के. भिंग घ्या, अंगावर तिरपा टॉर्च मारा, अक्षरं बुजली असतील तर खडूची पूड बोटाने चोळा आणि वरची पुसून टाका, खोलगट भागात पांढरं राहतं आणि वाचता येतं. बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचे शिक्के सापडतील, प्रत्येक नळी आणि चक्राचं प्रत्येक घर जास्तीच्या दाबाचं काडतूस उडवून तपासलेलं असायचं. मुकुटाखाली बीव्ही, बीपी, एनपी असे वेगवेगळे छोटे शिक्के असतील तर ते १९०४ नंतरच्या पद्धतीचे, आणि मुकुटाखाली एकत्र बीएनपी असेल तर १९५० च्या दशकाच्या मध्यानंतरचे. साडेतीन टन्स असं काही लिहिलेलं दिसलं तर दचकू नका, तो काडतुसाचा दर चौरस इंचावरचा दाब आहे. आणि मुख्य म्हणजे बाण शोधा. कोंबडीच्या पायासारखा तीन रेघांचा बाण म्हणजे ब्रिटिश सरकारची मालकी, त्याच्याखाली आय असेल तर हिंदुस्थान सरकारची, दोन बाण टोकाला टोक लावून असतील तर सरकारने ती रीतसर विकून टाकली.

इथे तुमच्या घरातल्या गोष्टीचा विषय येतो. सातारा जिल्हा आहे, क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार तिथेच होतं, १९४३ ते ४६, हत्यारं फिरत होतीच, मी कशाला नाही म्हणू. पण १४५/२०० हा शिक्का साधारण दुकानातून किंवा पोलिसखात्यासाठी विकलेल्या मालावर असतो, आणि बाण एकही नसेल तर ती फौजेतल्या साहेबाला सरकारने दिलेली नाही. साहेब लोक स्वतःच्या पैशानेही घ्यायचे, त्यांची ठरलेली दुकानं होती, मुंबईत काळा घोड्याला आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग अजून उभी आहे, त्या स्टोअरची १८९१ पासून मुंबईत शाखा होती आणि तिथून विकलेल्या रिव्हॉल्व्हरवर कधी कधी आर्मी अँड नेव्ही सी.एस.एल. असं कोरलेलं मिळतं. असं दुकानाचं नाव असेल तर माग काढायला सोपं. आणखी एक, आजोबांच्या नावाचं जुनं लायसन्स, खरेदीची पावती, कलेक्टर कचेरीचं एखादं पत्र, गणवेशातला फोटो, हे सगळं त्याच कपाटात शोधा. हिसकावलेलं हत्यार पुढे लायसन्सवर चढवणं सोपं नव्हतं, तेव्हा पहिल्या लायसन्सवर ते कुठून आलं असं लिहिलंय ते बघा, तिथे उत्तर निघेल.

आता तुमची वेब्लीच आहे हे धरून चाललोय, पण नक्कल पण असू शकते. दऱ्याच्या बाजूला, म्हणजे पेशावरजवळच्या दर्रा आदमखेलमध्ये, हुबेहूब इंग्लिश रिव्हॉल्व्हर हाताने बनवायचे, अक्षरांत गडबड असते, एन उलटा, स्पेलिंग चुकलेलं, प्रूफचे शिक्के नुसते नक्षीसारखे. स्पॅनिश आणि बेल्जियन माल पण आपल्याकडे भरपूर आला, बेल्जियमच्या लिएजचा शिक्का अंडाकृती असतो, आत ईएलजी आणि खाली तारा. बेल्जियन बुलडॉग म्हणून जी आखूड नळीची खिशातली येते ती काळ्या दारूच्या जमान्यातली, तिच्यात आजचं काडतूस कधीच घालू नये. आणि हल्ली उत्तर प्रदेशात वेब्ली नावाने नवी ३२ बनते, तिची आणि तुमचीची गल्लत करू नका.

काडतुसं. ती बारा पण मोजून जमा करायची, विहिरीत टाकायची नाहीत, चुलीत तर अजिबात नाही. बुडावर केएफ असेल तर ती आपल्या खडकीची, तिथला ॲम्युनिशन कारखाना १८६९ पासूनचा. हिरवेपणा आलाय तो चामड्यामुळे, चामडं कमावताना वापरलेली आम्लं आणि क्षार पितळ खातात. पण हिरव्यापेक्षा धोकादायक असते ती बारीक उभी चीर, पुंगळीच्या मानेला किंवा अंगाला. ह्याचा शोध पण आपल्याच देशात लागला, इंग्रजांच्या फौजेची काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यांत ठेवायचे आणि पावसाळा सरला की ती आपोआप चिरलेली निघायची. कारण बरीच वर्षं कळेना, १९२१ मध्ये स्पष्ट झालं की घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि दमट हवा, आणि पितळात आधीच असलेला ताण. तेव्हा काडतुसांजवळ अमोनियावाली काच पुसायची लिक्विडं वगैरे नेऊ नका.

उडवून बघायची हौस असेल तर ती आवरा, निदान जाणकार आर्मररने (हत्यारं दुरुस्त करणाऱ्याने) चक्र, खटका आणि नळी तपासल्याशिवाय नको, आणि त्या जुन्या काडतुसांनी तर कधीच नको. ३८ नावाखाली इतके प्रकार आहेत की लोक फसतात. ३८ स्पेशल हे लांब आणि जरा बारीक, ते तुमच्या चक्रात पूर्ण बसायला नको, पण कुणी मधल्या काळात घरं आरपार कोरून घेतली असतील तर बसेल, आणि मग पुंगळी फुगून फाटते. हाच घोळ ३२ वाल्यांचा, लायसन्सवर ३२ बोअर एवढंच असतं, पिस्तुलाचं ३२ रिव्हॉल्व्हरच्या घरात सरकतं आणि त्याचा दाब जास्त असतो. दुकानात मागताना रिव्हॉल्व्हरची का पिस्तुलाची ते स्पष्ट सांगावं.

आता तुमचा मूळ प्रश्न, गंज. जमा करण्याआधी फक्त एवढंच करा, सुती फडक्यावर शिलाई मशीनचं तेल घेऊन बाहेरून पुसा, नळीतून तेलाचा एक बोळा फिरवा, चामड्याच्या पाकिटातून बाहेर काढा. बास. बाकीचं लायसन्स हातात आल्यावर, किंवा दुकानात बेंचवर.

तेव्हा बघायचं की लाल गंज कुठे आहे आणि तपकिरी कुठे. लाल, भुकटी येणारा, बोटाला लागणारा तो चालू गंज, तो थांबवायचा. तपकिरी, घट्ट बसलेला, गुळगुळीत, तो जुना आणि शांत आहे, त्याला राहू द्या. लाल गंजावर तेल सोडून रात्रभर ठेवायचं, दुसऱ्या दिवशी जाड सुती फडक्याने चोळायचं, परत तेल, परत चोळायचं. हट्टी ठिपक्याला ब्राँझच्या जुन्या पैशाची कड तेलात बुडवून हलकेच खरवडायची, ब्राँझ पोलादापेक्षा मऊ, गंज निघतो आणि खाली ओरखडा पडत नाही. स्टील वूल वापरायचीच तर चार शून्यांची, सगळ्यात बारीक, तेलात भिजवून, दाब न देता, आणि शिक्क्यांवर अजिबात नाही. नंबर घासला गेला तर ते फक्त किमतीचं नुकसान नाही, ओळखचिन्ह मिटवणं हा कायद्याने वेगळा गुन्हा आहे.

ब्रासो का नको ते आता कळलं असेल, त्यात घासणारी पूड असते, ती निळसर-काळा रंग उडवते आणि अक्षरांच्या कडा गोल करते. परत ब्लूइंग (तोच निळसर-काळा रंग) करून देतो म्हणणारे भेटतील, चकाचक काळी करून देतात, पण त्यासाठी आधी बफ मारतात. सत्तर-ऐंशी वर्षांचा मूळचा विटका रंग कुठल्याही नव्या रंगापेक्षा जास्त मोलाचा, ह्यावर माझा वाद घालायचा मूड कधीही असतो.

नळी साफ करायला ह्या वाकणाऱ्या रिव्हॉल्व्हर फार सोयीच्या, उघडली की मागून सरळ दांडी जाते, तोंडाकडून घालून कड झिजवायची गरज नाही. ब्राँझचा ब्रश, मग कोरडी फडकी, मग तेलाचं एक. आत काळे खड्डे दिसले तर ते जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या रसायनाने पडलेत, उडाल्यावर त्याचं मिठासारखं क्षार उरतं आणि ते हवेतलं पाणी ओढतं. ते तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतं. म्हणून जुने फौजी आधी गरम पाणी ओतायचे, मग वाळवून तेल. पण पाणी वापरायच्या आधी मुठीच्या पट्ट्या काढायला लागतात, त्या काळ्या जाळीदार पट्ट्या व्हल्कनाइटच्या, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराच्या असतात. गरम पाण्याने आणि उन्हाने त्या हिरवट तपकिरी पडतात आणि मग काळ्या होत नाहीत. पट्टीचा स्क्रू काढायला त्याच मापाचं पातं हवं, घरातला टेस्टर चालवला की खाच फाटलीच. त्यापुढचे स्क्रू उघडू नका, आतली व्ही आकाराची स्प्रिंग मोडली तर आज बदली मिळणं मुश्कील आहे.

तेल कुठलं? खोबरेल नको, महाबळेश्वर-वाईकडच्या थंडीत ते आतल्या आत थिजतं. शेंगदाण्याचं, मोहरीचं नको, वाळून डिंक होतो. डब्ल्यूडी-४० ओलावा हाकलायला ठीक, पण ते उडून जातं, त्याच्या भरवशावर पावसाळा काढू नका. शिलाई मशीनचं किंवा चांगलं गन ऑइल, अगदी पातळ थर, ठिबकत असेल तर जास्त झालं. बाहेरून लांब मुदतीला रेनेसान्स वॅक्स मिळालं तर उत्तम, ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेतून निघालेलं मेण आहे, म्युझियमवाले तेच लावतात. हात लावल्यावर दरवेळी पुसायचं, घामाचे ठसे दोन दिवसात गंजून उमटतात. आणि रिकामा घोडा टकटक पाडायचा नाही, ह्या घोड्याची नोक त्यालाच बसवलेली असते, मोडते. चित्रपटातल्यासारखी मनगटाने झटका देऊन बंद पण करायची नाही, दोन्ही हातांनी, खटका बसल्याचा आवाज येईपर्यंत.

ठेवायची पाकिटात नाही. पाकीट वेगळं, कोरड्या फडक्याने पुसून, आतून झाकणाखाली बनवणाऱ्याचा शिक्का आणि साल असतं ते वाचा. रिव्हॉल्व्हर कुलपाच्या लोखंडी पेटीत, काडतुसं दुसऱ्या कुलपात, किल्ली मुलांना माहीत नसलेल्या जागी. खाली फोम नको, तो ओलावा धरून ठेवतो, प्लास्टिकची पिशवी तर नकोच. सिलिका जेलच्या पुड्या टाका, रंग बदलला की ओव्हनमध्ये मंद तापवून परत वापरा, आणि जून ते सप्टेंबर महिन्यातून एकदा काढून पुसा. निवडणुका आल्या की ठाण्यातून शस्त्र जमा करा असा निरोप येऊ शकतो, तेव्हा देण्याआधी मेणाचा हात मारून, गंज रोखणाऱ्या व्हीसीआय कागदात गुंडाळून द्या आणि पावती सांभाळा.

किंमत. आपल्याकडे १९८० च्या दशकात सामान्य माणसासाठी परदेशी हत्यारांची आयात बंद झाली, तेव्हापासून जुन्या इंग्लिश मालाला भाव आला, पण तो खरा ३२ ला. ३८ घ्यायला गिऱ्हाईक पण तसंच पीबी लायसन्सवालं लागतं, तशी माणसं मोजकी, म्हणून कागदावर कितीही वाटली तरी विकायला गेलात की हातात फार येत नाही. मार्क फोर पुष्कळ बनल्या, १९७८ पर्यंत बनत होत्या, दुर्मिळ म्हणता येणार नाही. तुमच्यासारखी एकाच घरात तीन पिढ्यांच्या कागदांसकट असलेली मात्र कमी दिसते. अमेरिकेतला चुलतभाऊ मागतोय म्हणून पाठवायचा विचार असेल तर सोडा, शस्त्र देशाबाहेर न्यायला वेगळा परवाना लागतो, आणि शंभर वर्षांपुढची असेल तर पुराणवस्तूचा कायदा आडवा येतो.

जमा करण्याआधी काढाल त्यातले फोटो मला दाखवा, डावं अंग, उजवं अंग, नळीचा वरचा पट्टा, चक्राची मागची बाजू, मुठीचा तळ, पाकिटाच्या आतला शिक्का आणि सगळ्यात जुन्या लायसन्सचं पहिलं पान, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता. नंबरावर आणि घरच्या पत्त्यावर अंगठा ठेवा, आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तेच फोटो टाकू नका.